शिळेवर उमटलेलं न्यूयॉर्क

रेडिओवर बसून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. ऐकणाऱ्यापुढे चित्र नाही आणि बोलणाऱ्याकडे शब्दांखेरीज काही नाही. पण आजच्या चित्रात रंग नाहीत, एवढी तरी सोय आहे. काळा, पांढरा आणि त्यांच्या मधल्या राखाडी छटा, बस्स. आकार साधारण मोठ्या वहीच्या पानाएवढा. चित्राचं नाव 'न्यूयॉर्क', साल १९२५ आणि चित्रकाराचं नाव लुई लोझोविक. अमेरिकन मुद्राचित्रांच्या एका जाडजूड पुस्तकात मी ते प्रथम पाहिलं, आणि पुस्तक परत करायची तारीख दोनदा वाढवून घेतली.

डोळ्यांपुढे आणून पाहा. उंचच उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. काही सरळ, काही किंचित कललेल्या. खिडक्या म्हणजे नुसत्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक काळ्या-पांढऱ्या. खालच्या बाजूनं खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोठं वळण घेत आत शिरतो. पुलाच्या कमानींची आठवण करून देणारे आकार आहेत. आभाळ असून नसल्यासारखं. सगळं कसं पट्टीनं आणि कंपासनं आखल्यासारखं स्वच्छ, ठाम. तुम्ही बराच वेळ पाहत राहता आणि मग लक्षात येतं की या शहरात माणूस नाही. खिडकीत नाही, रस्त्यावर नाही, पुलावर नाही. १९२५ मध्ये जे शहर पन्नास लाखांहून अधिक माणसांनी गजबजलेलं होतं, त्यात एकही माणूस नाही.

हे असं का, याचा शोध घेताना मला जे सापडलं ते चित्राइतकंच चित्रकाराबद्दलही आहे.

लोझोविक अमेरिकेत जन्मलेला नव्हे. तो १८९२ मध्ये युक्रेनमधल्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात जन्मला. तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारच्या ताब्यात होता. चित्रकला शिकायला तो मुलगा कीव्हला गेला. १९०५ च्या ऑक्टोबरात कीव्हमध्ये ज्यूंविरुद्ध भीषण दंगल उसळली. दुकानं लुटली गेली, माणसं मारली गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. त्याचा थोरला भाऊ आधीच तिथे होता. १९१२ ते १९१५ या काळात तो न्यूयॉर्कच्या 'नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन'मध्ये चित्रकला शिकला, आणि १९१८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा पदवीधर झाला.

इथे थोडं थांबतो, कारण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१३ च्या जुलैमध्ये बडोद्याच्या गायकवाड सरकारांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा मराठी तरुण न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर. लोझोविक शिकत होता ती अकॅडमीची शाळा ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर १०९ व्या रस्त्यापाशी होती. कोलंबिया विद्यापीठ ११६ व्या रस्त्यापाशी. मधलं अंतर पायी दहा मिनिटांचं. दोघांचं वय जवळजवळ एकच, एका वर्षाचा फरक. ते भेटले, असं मी म्हणत नाही. पण दोघांनीही एकाच वेळी तेच शहर वाढताना पाहिलं. त्याच १९१३ मध्ये २४१ मीटर उंचीची वूलवर्थ बिल्डिंग उभी राहिली होती. जगातली तेव्हाची सर्वांत उंच इमारत. आपापल्या गावी ज्यांना कुठे राहावं, कुठे बसावं हे दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं, अशा दोन तरुणांना ते शहर कसं दिसलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पदवीनंतर लोझोविकनं काही काळ सैन्याच्या वैद्यकीय दलात काढला आणि मग अमेरिका पालथी घातली. शिकागो, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, मिनियापोलिस. गिरण्या, धान्याची कोठारं, तेलाच्या टाक्या, पूल. आणि हे सगळं डोळ्यांत साठवून १९१९ च्या सुमारास तो युरोपला गेला. आधी पॅरिस, मग बर्लिन; १९२२ मध्ये मॉस्कोचीही एक फेरी. या शहरांत त्या वेळी कलेची नवी भट्टी पेटलेली होती. चित्र म्हणजे समोरच्या वस्तूची नक्कल नव्हे, ती एक बांधणी आहे, इंजिनिअर पूल बांधतो तशी, असं म्हणणारी रशियन मंडळी त्याला भेटली. लिसित्स्की भेटला, मालेविच भेटला. त्यांना अमेरिकेचं प्रचंड कुतूहल. यंत्रांचा, गगनचुंबी इमारतींचा तो देश त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नव्हता, आणि हा तर तिथून आलेला. मग यानं बर्लिनमध्ये बसून अमेरिकन शहरांची चित्रं काढायला सुरुवात केली. आधी तैलरंगांत; आणि १९२३ मध्ये, बर्लिनमध्येच, पहिल्यांदा शिळेवर.

म्हणजे न्यूयॉर्कची गगनरेषा त्याला न्यूयॉर्कमध्ये नव्हे, बर्लिनमध्ये सापडली. ('स्कायलाइन'ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. क्षितिज म्हणावं तर ते जमिनीला टेकलेलं. मी गगनरेषा म्हणतो; अधिक चांगला शब्द कुणाला सुचला तर हवाच आहे.) मला हे अगदी पटतं. गल्लीत राहणाऱ्याला गगनरेषा दिसत नाही. त्याला समोरची भिंत दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात. गगनरेषा दिसायला लांब जावं लागतं; बोटीवर, पलीकडच्या तीरावर, नाहीतर दुसऱ्या देशात. आणि लांब गेलं की पहिल्यांदा काय दिसेनासं होत असेल, तर माणसं.

आता त्या शिळेबद्दल. लिथोग्राफी, आपल्या जुन्या शब्दात शिळाछाप, हे तंत्र म्युनिकच्या आलॉइस झेनेफेल्डरनं १७९६ ते १७९८ च्या दरम्यान शोधून काढलं. हा गृहस्थ नाटककार. नाटकं छापून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वस्तातली युक्ती शोधत होता. तोच सांगतो की, आईनं धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं ती तेलकट शाईनं दगडावर लिहिली आणि तिथून पुढची वाट सुचली. ज्यांना प्रकाशक मिळत नाही अशा सर्व लेखकांनी या माणसाची आठवण ठेवायला हवी.

तंत्र साधं, पण नजाकतीचं. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतला चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते वर फिरवायचं. दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. जिथे खडूचा तेलकटपणा आहे तिथे शाई धरते. जिथे नुसता ओला दगड आहे तिथे ती सरकून जाते. तेल आणि पाण्याचं जन्मजात वैर, त्यावर सारा खेळ. खोदायचं काही नाही, कोरायचं काही नाही. हात जसा चालला तसाच कागदावर उमटतो. हलका दाब असेल तर धुक्यासारखा राखाडी, जोर दिला तर मखमलीसारखा काळा. पांढरा मात्र काढता येत नाही. तो जागा सोडूनच मिळतो. सकाळी आपल्या दारात पडणारं वर्तमानपत्र ज्या ऑफसेट यंत्रावर छापलं जातं, तेही याच तेल-पाण्याच्या नियमावर चालतं. दगडाच्या जागी धातूचा पत्रा आला, इतकंच.

शिळाछाप म्हटलं की मला आधी चित्रं आठवत नाहीत, अक्षरं आठवतात. मुंबईत हे तंत्र १८२० च्या दशकात आलं. गणपत कृष्णाजींनी आधी शिळाप्रेस घातला, खिळ्यांचा छापखाना नंतर. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्याचा छापखाना तर सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. पण एकोणिसाव्या शतकात मुंबई हे फारसी आणि उर्दू शिळाछाप पुस्तकांचंही मोठं केंद्र होतं, हे कमी लोकांना माहीत असतं. नस्तालीक लिपीचं वळण खिळ्यांत नीट बसत नाही. अक्षरं एकमेकांवर झुकत, उतरत जातात. शिळेवर मात्र ती जशीच्या तशी उतरत. कातिब खास लावलेल्या कागदावर तेलकट शाईनं मजकूर लिहायचा, आणि तो कागद दगडावर दाबून मजकूर उलटा उतरवला जायचा. त्यात चूक राहिली तर ती दगडावरच सुधारणारा वेगळा कारागीर असे. त्याला संगसाज म्हणत. तो उलटी अक्षरं लिहायचा, आरशात दिसतात तशी, आणि तीही सुलट अक्षरांइतकीच घोटीव. माझ्या लहानपणी घरी येणारं उर्दू वर्तमानपत्र ऑफसेटवर छापलं जात होतं, पण अक्षर कातिबाच्या हातचंच होतं. कॉम्प्युटरवरची नस्तालीक आली आणि तेही गेलं. सांगायचं एवढंच, की शिळाछाप हे हाताच्या बाजूचं तंत्र आहे. त्यात माणसाच्या मनगटाचा दाबसुद्धा लपत नाही. लोझोविकनं मात्र त्याच तंत्रानं यंत्रासारखी थंड, नेमकी रेषा काढली. खडूचा कण न् कण त्यानं ताब्यात ठेवला. हा त्याचा हट्ट मला पहिल्यांदा खटकला होता. आता त्यामागचं कारण दिसतं.

लोझोविक १९२४ मध्ये न्यूयॉर्कला कायमचा परतला. त्याच वर्षी अमेरिकेनं परदेशातून येणाऱ्यांसाठी नवा कायदा केला. प्रत्येक देशाचा कोटा ठरला, आणि तो अशा बेतानं की पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची, म्हणजे प्रामुख्यानं ज्यू, इटालियन, पोलिश लोकांची, वाट जवळजवळ बंद व्हावी. आपल्या लोकांसाठी तर दार १९१७ च्या कायद्यानं आधीच बंद झालेलं होतं. १९०६ मध्ये चौदा वर्षांचा जो मुलगा सहज आत आला, तो १९२४ नंतर आला असता तर त्याला बहुधा धक्क्यावरूनच परत जावं लागलं असतं. आणि पुढच्याच वर्षीचं हे चित्र. माणूस नसलेलं न्यूयॉर्क.

या चित्रात त्या कायद्याचा निषेध आहे, असा दावा मी करणार नाही. उलट त्या काळातलं लोझोविकचं लिखाण आशेनं भरलेलं आहे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला यंत्रयुगाचं एक प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या पुस्तिकेतल्या लेखात त्यानं म्हटलं की, आजच्या अमेरिकेचा ओढा शिस्तीकडे आहे, आणि ती शिस्त तिच्या शहरांच्या भूमितीत उघड दिसते. धुरांड्यांच्या उभ्या रेषांत, कारखान्यांच्या घनाकृतींत, पुलांच्या कमानींत. त्याच सुमारास तो 'न्यू मासेस' या डाव्या मासिकाच्या मंडळींत होता, आणि एका बड्या दुकानाच्या काचेमागची सजावटही करत होता. यात काही समीक्षकांना विसंगती वाटते. भांडवलाच्या मनोऱ्यांची आरती करणारा डावा, असं काहीसं. मला हा शेरा उथळ वाटतो. ज्यानं पोरवयात झुंडीचं शहर पाहिलं आहे त्याला काटकोनाचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. झुंडीला आकार नसतो. पट्टीनं आखलेल्या शहरात, निदान कागदावर, कुणी कुणाच्या दारावर चालून येत नाही.

खरं तर ती शिस्त म्हणजे निम्मी कल्पनाच होती. न्यूयॉर्कच्या इमारतींचा तो पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारा आकार पाहून आपण वास्तुशिल्पकारांच्या सौंदर्यदृष्टीला दाद देतो. त्यामागे भांडण होतं, उजेडाचं. १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग नावाची अजस्र इमारत रस्त्याच्या कडेपासून थेट वर चढली आणि आजूबाजूच्या इमारतींवर कायमची सावली पडली. भाडेकरू पळाले, मालक ओरडले. १९१६ मध्ये शहरानं नियम केला की, ठरावीक उंचीनंतर इमारतीनं मागे सरत जायचं, म्हणजे खाली ऊन पोहोचेल. जगभर नक्कल झालेली ती गगनरेषा अशी नगरपालिकेच्या कागदावर ठरली.

आणि त्या वळणदार रेल्वेमार्गाची गोष्ट. वरून पाहिलं तर ते वळण देखणं. १९२९ मध्ये लोझोविकनं त्याच रेल्वेच्या खाली जाऊन एक शिळाचित्र केलं, 'ॲलन स्ट्रीट'. हा रस्ता लोअर ईस्ट साइडमधला, गरीब ज्यू वस्तीचा. डोक्यावर लोखंडी मार्ग, त्यामुळे दिवसाही अंधार. गाडी गेली की घरं हादरायची. १९२५ च्या चित्रातली ती झोकदार रेषा इथे छत होऊन बसली आहे. जागा सोडून पांढरा काढायचा म्हटलं तर ॲलन स्ट्रीटवर सोडायला जागाच फार नव्हती.

मला वाटतं, तो खाली उतरला तो इथे. आर्थिक कोसळणीच्या आधी की नंतर हा हिशेब मी करत नाही. १९२९ हे वर्ष दोन्हीचं आहे. पण त्यानंतर त्याच्या शिळांवर माणसं दिसू लागली. पहिल्यांदा आली ती कामगार म्हणून, आणि तीही हवेत. 'अबव्ह द सिटी' या १९३२ च्या चित्रात शहर खाली राहिलं आहे आणि काम करणारा माणूस वर आहे. त्याआधीच्या वर्षी, १९३१ मध्ये, ३८१ मीटरची एम्पायर स्टेट बिल्डिंग पुरी झाली होती, आणि तिच्या बहुतेक मजल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. त्याच १९३२ मधलं त्याचं दुसरं चित्र 'हूवरव्हिल'. बेघर झालेल्यांनी पत्रे आणि फळकुटं जोडून उभारलेल्या झोपडवस्त्यांना लोक तेव्हाच्या अध्यक्षांच्या नावानं तसं म्हणत. १९३४ मध्ये 'टिअर गॅस'. पुढे संपाची चित्रं, पोटासाठी रांगा लावणाऱ्या बेकारांची चित्रं. रेषा तशीच नेमकी, काळा तसाच गडद. फक्त आता त्या काळ्या-पांढऱ्यात चेहरे आहेत.

आपल्याकडच्या शहराच्या कवितेनं याच्या उलटा प्रवास केला, असं मला नेहमी वाटतं. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. त्यात मुंबई आधी माणसांची आहे, फुटपाथची आहे. आमच्या कवींना गगनरेषा फारशी दिसलीच नाही. ते खालीच होते. सुर्वे तर फुटपाथवर सापडलेलं मूल. लोझोविकला वरून खाली यायला सात-आठ वर्षं लागली, म्हणून तो लहान ठरत नाही. लांबून पाहिलेलं शहर हेही एक खरं शहर असतं. गिरणगावात कोकणातून येणारा गडी बोटीच्या कठड्याला टेकून धुरांड्यांची रांग पहिल्यांदा पाहायचा, तेव्हा त्याच्याही डोळ्यांपुढे माणसं नसणार, नुसती आशा असणार.

न्यूयॉर्कच्या गगनरेषेबद्दल बोलताना एक विषय टाळता येत नाही. या चित्रात ते जुळे मनोरे नाहीत; असणं शक्यच नाही. त्यांचं उद्घाटन १९७३ च्या एप्रिलमध्ये झालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोझोविक वारला. ११ सप्टेंबर २००१ ला ते कोसळले, हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर त्या शहराच्या कुठल्याही चित्राकडे निर्मळ नजरेनं पाहणं कठीण झालं. माझ्यासारख्या नावाच्या माणसानं 'मला न्यूयॉर्कचं हे चित्र फार आवडतं' असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर एक प्रश्न उमटतो. मी तो ओळखतो, आणि चित्राबद्दल बोलत राहतो.

लोझोविकनं पुढे मरेपर्यंत शिळाचित्रं केली. पुलांची, वादळी ढगांखालच्या मॅनहॅटनची, प्रवासात पाहिलेल्या देशांची. त्यातलं एक चित्र उरलंय, १९३६ चं. 'लिंचिंग'. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या वर्षांत झुंडी कृष्णवर्णीय माणसांना पकडून फासावर लटकवत होत्या. कधी खोट्या आरोपावरून, कधी आरोपाशिवाय, आणि बहुतेक वेळा शिक्षा कुणालाच होत नसे. याविरुद्ध राष्ट्रीय कायदा व्हावा म्हणून तेव्हा मोठी चळवळ चालू होती. सिनेटनं तो होऊ दिला नाही. असा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. या विषयावर तेव्हा अनेक चित्रकारांनी चित्रं काढली. लोझोविकच्या चित्रात एका माणसाच्या गळ्यात दोर आहे. तो माणूस कृष्णवर्णीय नाही. तो चेहरा लोझोविकचा स्वतःचा आहे.

कीव्हहून निघाल्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. जे शहर त्यानं एकही माणूस न काढता उभं केलं होतं, त्याच देशाचं हे चित्र. साहित्य तेच: दगड, तेलकट खडू, डिंक, पाणी. शिळाछापातली एक साधी गोष्ट सगळ्या संगसाजांना ठाऊक असते. दगडावरचं सारं काही छापताना उलटं होतं. स्वतःचा चेहरा आरशात पाहून काढला तर तो आधीच उलटा असतो. तो थेट शिळेवर काढला, की कागदावर सुलट उमटतो. आरशात आपण आपल्याला दिसतो तसा नव्हे. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला दिसतो तसा.